उच्च कंप्रतेच्या लहरी आणि डहीचे आकाश
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि संगीत या मानकऱ्यांच्या पंक्तीला रेडिओ लहरींचेही पान मांडलेत, याबद्दल चालकांचे आभार मानतो. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. येथे मराठी ग्रंथालय म्हटले की बखरी, नाटके आणि कादंबऱ्या आठवाव्यात, हे स्वाभाविक आहे. पण ग्रंथालय म्हणजे तरी काय? एका ठिकाणी असलेले ज्ञान दुसऱ्या ठिकाणच्या माणसापर्यंत, त्याला परवडेल अशा खर्चात आणि त्याला हवे तेव्हा पोहोचविण्याची ती एक व्यवस्था. उपग्रह संदेशवहनाचे कामही याहून वेगळे नाही. म्हणून आजचा विषय आपल्या घरचाच आहे, असे समजून बोलतो.

विषय हवेत राहू नये म्हणून एक गाव समोर ठेवू या. आपल्या धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कुक्षीच्या पलीकडे, नर्मदेच्या उत्तरेस डही आहे. पश्चिमेला अलीराजपूर जिल्हा, नदी ओलांडली की बडवानी, आणि तेथून पश्चिमेकडे सरकले की महाराष्ट्राचा नंदुरबार जिल्हा. मुलूख भिल्ल-भिलालांचा आणि डोंगराळ. वस्ती एका जागी दाटलेली नसते. टेकडीटेकडीवर विखुरलेले फळिये असतात. अशा एखाद्या फळियातील शाळेला, आरोग्यसेविकेला किंवा पंचायतीला जगाशी बोलायचे असेल तर तार टाकणे खर्चाचे, आणि मोबाईलच्या मनोऱ्याची लहर डोंगराआड अडणार. आकाश मात्र तेथेही तेवढेच मोकळे आहे जेवढे मुंबईत. या आकाशातून किती येऊ शकेल, कोणत्या लहरीवरून येऊ शकेल, आणि ऐन चौमासात ते टिकेल का, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘वेगवान’ उपग्रह संदेशवहन असे आपण म्हणतो, तेव्हा लहर अधिक वेगाने धावते असे कोणास वाटेल. तसे नाही. कोणत्याही कंप्रतेची, म्हणजे वारंवारतेची, रेडिओ लहर प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. संदेश वर जाऊन खाली यावयाचा म्हणजे ७२ हजार किलोमीटर, आणि त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतोच. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. कंप्रता कितीही वाढविली तरी हा पाव सेकंद कमी होत नाही. तो कमी करावयाचा तर उपग्रह खाली आणावा लागतो. पाच-सहाशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या ताफ्यांमागे हेच गणित आहे. ‘वेगवान’ या शब्दाचा दुसरा अर्थ असा की एका सेकंदात किती मजकूर उतरतो. बैलगाडी तीच, तिचा वेग तोच, पण रस्ता चौपट रुंद केला तर एका वेळी चार गाड्या जातील, तसे हे आहे. उच्च कंप्रतेचा संबंध या दुसऱ्या अर्थाशी आहे.

रस्ता रुंद होतो तो कसा? संदेशवहनात माहितीचे प्रमाण मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: वापरावयास मिळालेल्या कंप्रतांच्या पट्ट्याची रुंदी, आणि गोंगाटाच्या मानाने संदेशाचे बळ. बळ दुपटीने वाढविले तर माहितीत थोडीच भर पडते. पट्टा दुप्पट केला आणि त्या मानाने बळही राखले, तर माहिती दुप्पट होते. उपग्रहांसाठी प्रथम जो सी पट्टा वापरात आला, त्यात संदेश वर पाठविण्यासाठी ६ आणि खाली आणण्यासाठी ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या कंप्रता असतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी कंपने. या पट्ट्याची पारंपरिक रुंदी सुमारे ५०० मेगाहर्ट्झ. पुढे आला केयू पट्टा, म्हणजे १४ आणि ११-१२ गिगाहर्ट्झचा. घरोघरी छपरावर ज्या दूरदर्शनच्या तबकड्या दिसतात, त्या याच पट्ट्यावरच्या. त्याच्याही वर केए पट्टा: वर जाताना ३० आणि खाली येताना २० गिगाहर्ट्झच्या आसपास. येथे उपग्रहांच्या वाट्याला सुमारे ३,५०० मेगाहर्ट्झ येऊ शकतात. म्हणजे जुन्या सी पट्ट्याच्या सातपट. खालची घरे भरली म्हणून माणूस माडीवर चढतो, तसे हे चढणे आहे.

पण नुसती सातपट रुंदी हे अर्धेच कारण झाले. दुसरे कारण तरंगलांबीत आहे. कंप्रता वाढली की लहर आखूड होते. ४ गिगाहर्ट्झची लहर साडेसात सेंटीमीटर लांब. २० गिगाहर्ट्झची दीड सेंटीमीटर. ३० गिगाहर्ट्झची बरोबर एक सेंटीमीटर. आणि तबकडी किती बारीक झोत पाडू शकते हे तिच्या व्यासात किती लहरी मावतात यावर ठरते. उदाहरणादाखल, उपग्रहावर दोन मीटर व्यासाची तबकडी आहे असे धरा. ४ गिगाहर्ट्झवर तिचा झोत जमिनीवर सुमारे १,६०० किलोमीटर रुंद पडेल, म्हणजे अर्ध्याहून अधिक हिंदुस्थान व्यापील. तीच तबकडी २० गिगाहर्ट्झवर सुमारे ३३० किलोमीटरचे वर्तुळ उजळील. म्हणजे इंदूर, धार, झाबुआ आणि खानदेशचा काही भाग.

या लहान वर्तुळाचा लाभ ग्रंथपालास लगेच कळेल. दाखल क्रमांक १ चे पुस्तक धारच्या ग्रंथालयात असते, देवासच्या असते आणि इंदूरच्याही असते. ग्रंथालये वेगळी असल्यामुळे घोटाळा होत नाही. त्याचप्रमाणे माळव्यावरच्या झोतात जी कंप्रता वापरली, तीच थोडे अंतर सोडून विदर्भावरच्या झोतात पुन्हा वापरता येते. नकाशा रंगविताना चार रंग पुरतात, शेजारच्या दोन प्रदेशांना एक रंग आला नाही म्हणजे झाले. तसेच पट्ट्याचे चार भाग करून साऱ्या देशावर पुन्हा पुन्हा वाटता येतात. सातपट रुंदी आणि तिचा असा अनेकपट पुनर्वापर, या दोहोंच्या गुणाकारातून आजच्या ‘उच्च क्षमतेच्या’ उपग्रहांचे सामर्थ्य निर्माण होते.

जमिनीवरही या आखूड लहरीचा फायदा दिसतो. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये देशाचे विक्रम भूकेंद्र उभे राहिले. सी पट्ट्यावर समुद्रापारचे दूरध्वनी आणि दूरचित्रे घेण्यासाठी तेथे जवळजवळ ३० मीटर व्यासाची तबकडी बसवावी लागली होती. आज केए पट्ट्यावर ग्राहकाला पाऊण-एक मीटरची तबकडी पुरते. अर्थात याचे श्रेय केवळ लहरीला नाही; उपग्रहांचे बळ आणि ग्राहकयंत्रांची संवेदनक्षमताही या अर्धशतकात वाढली. पण लहर आखूड नसती तर एवढ्याशा तबकडीने आकाशातला नेमका एकच उपग्रह निवडून काढणे जमले नसते.

या विद्येचा उगम परदेशात शोधावयाचे कारण नाही. १८९५ मध्ये कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्-लहरी निर्माण करून, त्या भिंतींपलीकडे पाठवून, दूरची घंटा वाजविली आणि दारू पेटविली. त्यांच्या लहरींची कंप्रता ६० गिगाहर्ट्झपर्यंत जात होती. म्हणजे आजच्या केए पट्ट्याच्याही वर. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणे दाखविली. लहरीची पातळी निवडण्यासाठी त्यांनी जे साधन वापरले त्यांत एक चक्क पुस्तक होते: ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक. त्याच्या पानांमध्ये कथलाचे पातळ पत्रे घातले की एका दिशेने कंप पावणारी लहर पार होते आणि दुसऱ्या दिशेची अडते. मिलिमीटर लहरींच्या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात एक ग्रंथ यावा, हा आपल्या व्यवसायाचा मान म्हणावयास हरकत नाही. मात्र जग त्या वेळी लांब लहरींच्या मागे गेले, कारण त्या समुद्रापलीकडे पोहोचत. आखूड लहरींना पुन्हा बोलावणे येण्यास पाऊणशे वर्षे लागली.

ते बोलावणे आले ते ज्या उपग्रहावर, त्याचा आपल्या खेड्यांशीही संबंध आहे. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह १९७४ च्या मे महिन्यात सोडला गेला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने तो ‘साइट’ या शैक्षणिक दूरदर्शन प्रयोगासाठी वापरला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या तबकड्या बसल्या आणि शेती, आरोग्य व शाळेचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून गावच्या चावडीत उतरले. या प्रयोगाच्या कार्यक्रम व्यवस्थापनाची धुरा वाहणारे प्राध्यापक एकनाथ वसंत चिटणीस हे कोल्हापूरचे. १९२५ मध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे २०२५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण झाल्यावर, पुण्यात निधन झाले. त्यांच्या हयातीची शंभर वर्षे आणि ग्रंथालयाची ही शताब्दी एकत्र आठवली की अशी संस्था आणि अशी माणसे एकाच जातीचे काम करीत असतात, असे वाटते.

साइटचा संदेश ८६० मेगाहर्ट्झवर उतरत असे. म्हणजे एक गिगाहर्ट्झच्याही खाली, ३५ सेंटीमीटर लांबीच्या लहरीवर. पाऊस पडो वा वादळ होवो, त्या लहरीला त्याचे सोयरसुतक नव्हते. पण त्याच एटीएस-६ वर २० आणि ३० गिगाहर्ट्झच्या लहरी वातावरणातून कशा जातात, हे तपासण्याचीही यंत्रणा होती. एकाच यानावर खेड्यांची आजची गरज भागविणारी लांब लहर आणि उद्याची गरज तपासणारी आखूड लहर नांदत होती. जपानने १९७७ मध्ये ‘साकुरा’ हा उपग्रह सोडून केए पट्ट्याचा वापर सुरू केला, आणि अमेरिकेने १९९३ मध्ये एसीटीएस हा प्रायोगिक उपग्रह पाठवून बारीक झोतांची कल्पना कसून पाहिली.

आपल्या देशाची वाटचाल ठेचा खातच झाली. केए पट्ट्याची यंत्रणा असलेला जीसॅट-४ हा उपग्रह १५ एप्रिल २०१० रोजी प्रक्षेपकाच्या अपयशामुळे बंगालच्या उपसागरात गेला. ५ जानेवारी २०१४ रोजी सोडलेल्या जीसॅट-१४ वर २०.२ आणि ३०.५ गिगाहर्ट्झचे दोन दीप ठेवलेले होते. संदेश वाहणे हे त्यांचे काम नव्हते. आकाशातून अखंड एकच सूर लावून बसावयाचे, आणि खाली आपल्या पावसात तो सूर किती क्षीण होतो हे शास्त्रज्ञांनी मोजावयाचे. १४ नोव्हेंबर २०१८ च्या जीसॅट-२९ वर याहूनही वरच्या, ४०-५० गिगाहर्ट्झच्या क्यू-व्ही पट्ट्याची प्रायोगिक यंत्रणा होती. ५ डिसेंबर २०१८ रोजी फ्रेंच गयानाहून गेलेल्या ५,८५४ किलोग्रॅमच्या जीसॅट-११ ने ग्राहकांसाठी केयू पट्ट्याचे ३२ झोत आणि मुख्य केंद्रांसाठी केए पट्ट्याचे ८ झोत दिले. आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी फ्लोरिडातून, एका अमेरिकी कंपनीच्या प्रक्षेपकावरून, जीसॅट-एन२ गेला. ४,७०० किलोग्रॅम वजन, केए पट्ट्याचे ३२ झोत, त्यांतील ८ अरुंद झोत ईशान्य भारतावर आणि २४ रुंद झोत उर्वरित देशावर, आणि एकूण क्षमता सेकंदाला सुमारे ४८ गिगाबिट, असा त्याचा तपशील आहे. तो ६८ अंश पूर्व रेखांशावर ठेवण्यासाठी होता. डहीत त्याच्याकडे तबकडी रोखावयाची तर दक्षिणेच्या किंचित पश्चिमेस, क्षितिजापासून सुमारे ६३ अंश वर रोखावी लागेल. इतक्या उंचावर पाहणाऱ्या तबकडीला सातपुड्याचा किंवा विंध्याचा डोंगर आड येत नाही, ही आपल्या भूगोलाची कृपाच म्हणावयाची.

आता दुसरी बाजू. डोंगर आड येत नाही, पण ढग येतो. पावसाचा थेंब साधारण एक ते पाच मिलिमीटरचा असतो. साडेसात सेंटीमीटरच्या लहरीपुढे तो नगण्य. एक सेंटीमीटरच्या लहरीपुढे मात्र तो तिच्याच तोलामोलाचा प्रतिस्पर्धी ठरतो. तो तिची ऊर्जा शोषतो आणि उरलेली इतस्ततः उधळतो. ताशी ५० मिलिमीटरच्या जोरदार सरीचा हिशेब स्थूलमानाने असा. ४ गिगाहर्ट्झच्या लहरीचे दर किलोमीटरला एखादा टक्का नुकसान होते. २० गिगाहर्ट्झच्या लहरीचा एका किलोमीटरमागे चौथा हिस्सा, किंवा किंचित अधिक, शिल्लक राहतो. ३० गिगाहर्ट्झवर दहावा हिस्सा राहतो. आणि वाट पावसातून तीन किलोमीटर गेली, तर दहाव्याचा दहावा, त्याचा दहावा, म्हणजे हजारावा. शिवाय हवेतील पाण्याची वाफ २२ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि प्राणवायू ६० गिगाहर्ट्झच्या आसपास, आपापला कर वसूल करतात तो निराळाच. ज्यांच्या घरी छपरावर तबकडी आहे त्यांनी आषाढातील सरीत ऐन रंगात आलेला सामना पडद्यावर गोठलेला पाहिला असेल. तो केयू पट्टा होता. केए पट्ट्यात हा त्रास त्याहून अधिक.

येथे डहीच्या माणसाचे खरे हित-अहित गुंतले आहे. युरोपातील रिमझिम पावसाचे गणित आपल्या मोसमी पावसाला लावून चालत नाही. आणि ज्या दिवशी लहर दुबळी होते, नेमक्या त्याच दिवशी डहीला तिची गरज सर्वाधिक असते. नाले फुगून रस्ते तुटतात ते पावसात. नर्मदेचे पाणी चढते ते पावसात. सर्पदंश आणि अतिसार वाढतात तेही पावसात. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा याच टापूतील निसरपूर आणि चिखल्दा यांसारख्या गावांत पाणी कसे शिरले हे आपण सारे जाणतो. अशा वेळी ‘आकाश निरभ्र झाल्यावर पुन्हा प्रयत्न करा’ असे उत्तर देणारी यंत्रणा उपयोगाची नाही. म्हणून उच्च कंप्रतेचा स्वीकार करावयाचा की नाही हा प्रश्न नसून, तिची दुबळी बाजू आधी ओळखून व्यवस्था कशी बांधावयाची हा प्रश्न आहे.

अभियंत्यांनी यावर तीन उपाय योजले आहेत. पहिला, सर आली की पृथ्वीवरील केंद्राने आपला आवाज चढवावयाचा, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती तेवढ्यापुरती वाढवावयाची. दुसरा उपाय मुख्य केंद्रांसाठी. मुसळधार सरीचा गाभा सहसा काही किलोमीटरांचाच असतो. म्हणून काही दहा किलोमीटर अंतरावर दोन केंद्रे ठेवून ती तारेने जोडली, तर दोन्ही एकाच वेळी झाकोळण्याचा संभव कमी. तिसरा उपाय ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. गोंगाट वाढला की शहाणा माणूस काय करतो? सावकाश बोलतो, सोपे शब्द वापरतो, महत्त्वाचे दोनदा सांगतो. यंत्रही तसेच करते. स्वच्छ आकाशात ते एकेका स्पंदनात अनेक बिटे कोंबते. पाऊस लागला की कमी बिटे, आणि चूक दुरुस्त करता यावी म्हणून अधिक जोडाक्षरांची तजवीज. प्रवाह रोडावतो, पण सहसा तुटत नाही. चित्र थांबेल, आवाज मात्र जाईल. आणि बोलण्यासाठी लागणारा प्रवाह चित्राच्या मानाने अगदी किरकोळ असतो. डॉक्टरला दूरध्वनीवरून लक्षणे सांगावयास तेवढा पुरतो.

दुसराही एक हिशेब प्रामाणिकपणे मांडावयास हवा. सेकंदाला ४८ गिगाबिट हा आकडा ऐकावयास भव्य आहे. पण तो साऱ्या देशाचा आहे. ३२ झोतांत सरासरी काढली तर एका झोताला दीड गिगाबिट. एक लाख माणसांनी एकाच क्षणी तो वापरावयाचा म्हटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला अर्धा मेगाबिटही येत नाही. काचतंतूच्या एका धाग्यातून याहून कितीतरी अधिक जाते. तेव्हा जेथे काचतंतू पोहोचतो तेथे उपग्रह हा पर्याय नव्हे. धार शहराने या झोतातला वाटा मागू नये. तो डहीच्या फळियांसाठी राखावा. विहिरीवर ज्याची मोट आहे त्याने पाणपोईच्या रांजणात तांब्या बुडवू नये, अशी आपली जुनी रीत आहे.

हा वाटपाचा प्रश्न केवळ आपल्या जिल्ह्याचा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या खाजगी कंपनीशी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांसारख्या दुर्गम वा मागास जिल्ह्यांतील सार्वजनिक संस्थांच्या जोडणीसाठी इरादापत्र केले. त्या कंपनीचे उपग्रह सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात. ग्राहकाशी ते केयू पट्ट्यात बोलतात आणि मुख्य केंद्रांशी केए पट्ट्यात. पाव सेकंदाचा विलंब तेथे जवळजवळ नाहीसा होतो. पण उपग्रह डोक्यावर स्थिर नसल्यामुळे हजारोंचा ताफा लागतो, आणि त्याची मालकी व दर परक्या हाती राहतात. नंदुरबारच्या डोंगरात आणि डहीच्या डोंगरात पाऊस एकच, माणसेही पुष्कळशी एकाच बोलीची. तेव्हा नदीपलीकडे काय घडते याकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहावे हे उत्तम. तुलना करताना मात्र मासिक दर, पावसातील टिकाव आणि दुरुस्तीस येणारा माणूस किती दूर राहतो, या तीन गोष्टी विचाराव्यात. जाहिरातीतील कमाल वेग नव्हे.

आपल्या शेजारचाच एक जुना धडा येथे उपयोगी पडेल. १ नोव्हेंबर १९९६ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने झाबुआ जिल्ह्यात विकास संदेशवहनाचा प्रकल्प सुरू केला. अलीराजपूर तेव्हा झाबुआतच होते. ते २००८ मध्ये वेगळा जिल्हा झाले. म्हणजे डहीच्या वेशीपर्यंत हा प्रकल्प आला होता. १५० गावांत उपग्रहावरून कार्यक्रम घेण्याची सोय झाली, आणि १२ विकासखंडांच्या ठिकाणी अशी केंद्रे उभी राहिली की तेथून गावकऱ्यांना स्टुडिओतील तज्ज्ञांस प्रश्न विचारता यावेत. साइटमध्ये गाव ऐकत होते. झाबुआत गाव विचारू लागले. प्रवाह आजच्या मानाने क्षीण होता, पण प्रश्न विचारण्याची वाट होती आणि उत्तर देणारा माणूस पलीकडे बसलेला होता. लहर कितीही उच्च कंप्रतेची असो, तिच्या दुसऱ्या टोकाला भिलालीत किंवा निमाडीत विचारलेला प्रश्न समजून घेणारा कोणी नसेल, तर रुंद रस्त्यावरून रिकाम्या गाड्याच धावतील.

आणि आता ग्रंथालयाकडे येतो. उपग्रहाच्या दोन्ही अडचणी, पावसात रोडावणारा प्रवाह आणि पुष्कळांत वाटली जाणारी मर्यादित क्षमता, यांवर एक उपाय असा आहे की जो अभियंत्यापेक्षा ग्रंथपालास अधिक ठाऊक आहे. तो म्हणजे संग्रह. वाचक मागेल तेव्हा मुंबई-पुण्याच्या प्रकाशकाकडे माणूस धाडावयाचा, असे ग्रंथालय कधी करीत नाही. ते पुस्तके आधीच आणून कपाटात ठेवते. त्याचप्रमाणे शाळेचे पाठ, शेतीची माहिती, आरोग्याच्या चित्रफिती आणि पुस्तके कोरड्या रात्री, जेव्हा झोतावर गर्दी नसते आणि आकाश स्वच्छ असते, तेव्हा उतरवून गावातल्याच एका संगणकात साठवावीत. दिवसा शंभर मुलांनी तोच पाठ पाहिला तरी उपग्रहावर भार पडतो तो एकदाच. मग भर पावसात जो रोडका प्रवाह उरेल, तो ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी मोकळा राहील: प्रसूतीसाठी अडलेली स्त्री, पुराची सूचना, तुटलेल्या रस्त्याची खबर. घराघरांत तबकडी परवडणार नाही. पण शाळा, आरोग्यकेंद्र किंवा वाचनालय अशा एका सामाईक जागी एक तबकडी आणि एक संग्रह परवडतो. त्याला सांभाळणारा, काय ठेवावे आणि कोणाला आधी द्यावे हे जाणणारा माणूस लागतो. त्या माणसाला आपण शंभर वर्षे ग्रंथपाल म्हणत आलो आहोत.

यासाठी तीन गोष्टी आपल्या हाती आहेत. सार्वजनिक पैशातून उपग्रहाची जोडणी मागताना अर्जात कमाल वेगाबरोबर ‘ताशी ५० मिलिमीटर पावसात किती प्रवाह मिळेल’ हा आकडा लेखी मागावा. जोडणीच्या खर्चातच स्थानिक संग्रहाची आणि एका प्रशिक्षित स्थानिक तरुणाची तरतूद व्हावी. आणि ग्रंथालयाने आपल्या पुस्तकपेटीच्या जुन्या कल्पनेला नवे रूप देऊन, डहीसारख्या एका गावासाठी तेथील बोलीतला संग्रह निवडण्याचे काम अंगावर घ्यावे. कोणत्याही उपग्रहाची वाट न पाहता हे शेवटचे काम उद्यापासून सुरू होऊ शकते. कारण संग्रह तयार असेल तर तो मोटारीनेही नेता येतो, आणि लहर आली की तिच्यावरून वाढविता येतो.

बोसांनी लहरीच्या वाटेत पुस्तक ठेवून तिला दिशा दाखविली. आपल्यालाही तेच करावयाचे आहे. आकाशातून येणारा प्रवाह दिवसेंदिवस रुंद होत जाणार आहे. त्याला दिशा देण्याचे काम जमिनीवरच्या संस्थांचे आहे. ग्रंथालयाने पहिल्या शंभर वर्षांत वाचक आपल्या दारी आणला. दुसऱ्या शतकात त्याने वाचकाच्या डोंगरापर्यंत जावे, अशी शुभेच्छा व्यक्त करतो.